परबांच्या घरचा नेरो

रानडुकराच्या पारधीचे वाटे निघाले आणि त्यांतून परबांचे घर वगळले गेले, ही गोष्ट काजरखोल गावात त्या मार्गशीर्षात प्रथमच घडली. मथुराकाकी परब खळ्यात भात वारवीत उभी होती. समोरच्या पाणंदीने दाजी राणे आपल्या गड्याला घेऊन चालला होता. केळीच्या पानात बांधलेले, केळीच्याच सोपटाने आवळलेले वाटे गड्याच्या टोपलीत होते. दोघे वरच्या घरी थांबले, खालच्या घरी थांबले. परबांच्या बेड्यापाशी, कुंपणाच्या दारापाशी, मात्र दोघांचीही पावले एकाएकी जलद पडू लागली.

काकीने सूप खाली ठेवले नाही. आहे तिथूनच हाक मारली.

"दाजी, वाट चुकलंस काय रे?"

"वाट चुकाक नाय काकी. हयसर ह्या वर्सा वाटोच नाय."

"कित्याक नाय? आमचा घर काय समुद्रात गेला?"

दाजी थांबला. पारधीचा पुढारीपणा त्याच्या घराण्याकडे तीन पिढ्या होता. त्याच्याजवळ ठासणीची बंदूक होती, बंदुकीहून लांब मिशा होत्या, आणि गावात तो फक्त मथुराकाकीशी बोलताना खाली बघत असे.

"रीत तुका ठावक आसा, काकी. पुरुष, बंदूक नायतर कुतरो. तिनांतला एक तरी पारधीक धाडूक व्हया. काका गेले. तुझो झील मुंबैक गोदयेत. तुमचो मोत्यो पावसाळ्यात मेलो. मगे वाटो देव तरी कोणाचो?"

"माझो. मी जिती आसंय न्हय?"

"बायलमाणूस पारधीत धरीत नाय."

"आणि डुकर भात खाता, तेवा बायलमाणसाचा शेत वगळून खाता काय?"

टोपलीवाला गडी हसला. दाजीने त्याच्याकडे पाहिले, तसा तो टोपलीत बघू लागला.

मांसाचा प्रश्न नव्हता. रानडुकराचे मांस काकीने उभ्या जन्मात जिभेला लावले नव्हते. वाटा येई तो शेजारीपाजारी जाई. प्रश्न नावाचा होता. पारधीला निघण्यापूर्वी गंगाराम घाडी सातेरीच्या देवळात गाऱ्हाणे घाली आणि पारधीत भाग घेणाऱ्या प्रत्येक घराचे नाव देवीपुढे उच्चारी. त्या दिवशी सकाळी सावंत झाले, राणे झाले, गावडे झाले, आणि परबांच्या जागी घाडी नुसता खाकरला. ते खाकरणे काकीच्या कानातून जात नव्हते.

"शिमग्याच्या पारधीक माझ्या घरचो कुतरो येतलो," ती म्हणाली. "नाव तयार ठेवा."

"येवंदे की. कुतरो म्हणजे काय, वाघ थोडोच?" दाजी म्हणाला आणि सुटका झाल्यासारखा पुढे गेला.

काकीने त्याच संध्याकाळी इन्सुलीला कार्ड टाकले. तिचा भाचा भाई तिथे गोव्याच्या सरहद्दीच्या नाक्यावर हवालदार होता. कार्डात क्षेमकुशल नव्हते. 'कुत्रा पाठव. काजरखोलातल्या कोणत्याही कुत्र्यापेक्षा मोठा असावा. वेळ लागला तर चालेल, लहान आला तर चालणार नाही,' एवढाच मजकूर होता.

नेमके त्याच महिन्यात गोव्यातले पोर्तुगीज राज्य संपले. साहेब लोक जहाजांत बसून निघून गेले. जाताना कोणी पियानो टाकून गेले, कोणी मोटारी. एक अधिकारी आपला कुत्रा स्वयंपाक्याच्या हवाली करून गेला. स्वयंपाक्याने महिनाभर त्याला खाऊ घातले, मग स्वतःच्या मुलांकडे पाहिले, आणि कुत्र्याला साखळी लावून इन्सुलीचा नाका गाठला. भाईने मावशीचे कार्ड खिशातून काढून पुन्हा वाचले आणि साखळी हातात घेतली.

कसालपर्यंत कुत्रा ट्रकने आला. तिथून पुढे गावच्या गणपतच्या बैलगाडीने. गणपतने गाडी परबांच्या खळ्यात आणली तेव्हा तो स्वतः खाली उतरून चालत होता आणि गाडीत, गवताच्या गादीवर, कोणी खोत बसावा तसा तो प्राणी बसला होता. रंग पिकल्या भाताचा, तोंड तव्यासारखे काळे, कान शिंगांसारखे टोकदार.

"काकी, बिगीन उतरून घे," गणपत म्हणाला. "बैल पुढे चालनत नाय. सारखे मागे बघतत."

"ह्यो पाडो कोणाचो?" शेजारच्या शेवंतीने कुंपणावरून विचारले.

"पाडो न्हय, कुतरो. नाव नेरो. भाईन सांगल्यान, लय मोठ्या खानदानातलो."

नेरो उतरला. उभा राहिला तर त्याची पाठ काकीच्या कमरेला लागली. त्याने खळे हुंगले, तुळस हुंगली, काकीकडे एकवार पाहिले, आणि हळूच बाजूला येऊन सगळे अंग तिच्यावर टेकवले. काकी दोन पावले सरकली. तोही सरकला आणि पुन्हा टेकला. नवऱ्यानेसुद्धा चारचौघांत तिला कधी खांदा लावला नव्हता.

"सरळ उभो रव," काकीने हुकूम सोडला.

नेरोला मराठी कळत नव्हते. तो टेकूनच राहिला.

पुढच्या पंधरा दिवसांत काकीला त्याच्या सवयी कळल्या. तो सकाळी तांब्याचे भांडे भरून पेज पिई, दुपारी नाचणीच्या चार भाकऱ्या आणि सुके बांगडे खाई, आणि मधल्या वेळेत चुलीकडे आशेने बघे. पडवीच्या बाकावर माणसासारखा बसे, मागचे अंग बाकावर आणि पुढचे पाय जमिनीवर. एवढा पर्वतासारखा, पण शेवंतीचा कोंबडा खळ्यात आला की माजघरात जाई. काकीने हे शेवंतीला शपथ घालून गुप्त ठेवायला लावले आणि कोंबड्याला दिवसा डालून ठेवायला लावले.

भाईने कुत्र्याबरोबर एक जाड, शिक्क्यांचा कागद पाठवला होता. तो पोर्तुगीजमध्ये असल्याने काकीने इनासला बोलावले. इनास पावाची भट्टी चालवी. तरुणपणी दहा वर्षे पणजीला साहेबांच्या स्वयंपाकघरात काढलेली. त्याने चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि नेरोकडे आदराने पाहिले.

"काकी, ह्या कागदार ह्येची वंशावळ आसा."

"कुत्र्याची?"

"कुत्र्याची. बापूस, आवस, आजो, पणजो, चार पिढ्यांची. आणि पाठीमागे जातीची माहिती. ह्या जातीक डेनमार्कचो कुतरो म्हणतत, पण हो डेनमार्कचो न्हयच."

"मगे?"

"जर्मनीचो. थंयच्या राजा-सरदारांनी रानडुकरां धरूक ही जात तयार केली. एका बाजून जाडजूड, ताकदीचो राखणदार कुतरो, दुसऱ्या बाजून वाऱ्यासारखो पळणारो शिकारी कुतरो. दोघांचो मेळ घातलो आणि ही जात झाली. मागे कोणी शिकलेल्या माणसान चुकून डेनमार्कचा नाव लावल्यान, ता चिकाटला."

"शिकलेल्यांचा असाच असता," काकी म्हणाली. "कान कित्याक कापले?"

"डुकराचे सुळे लागान कान फाटत, म्हणान लहानपणीच कापीत. ह्या कामाच्या कुत्र्यांची खूण ती. आणि आयक, हो डुकराक मारीत नसे. धरून ठेयी. सरदार भालो घेवन येयसर तसोच धरून रवे. त्यांतले जे बरे दिसत, ते सरदाराच्या निजायच्या खोलयेत राखणीक रवत. त्यांका सोन्याच्या मुलाम्याचे पट्टे."

काकीने बाकावर बसलेल्या नेरोकडे नव्या नजरेने पाहिले. त्याने लाळेची एक लांब तार जमिनीपर्यंत सोडली.

"ह्येका भास खंयची समजता?"

"पोर्तुगीज. बस म्हणाचा तर 'सेंत'. सोड म्हणाचा तर 'लार्ग'." इनासने ते दोन शब्द काकीकडून दहा वेळा म्हणवून घेतले. काकीने जाताना त्याला ओल्या काजूगरांची वाटी दिली आणि बजावले, "ह्या दोन शब्दांचा खंय बोलूचा नाय हां, इनासा."

शिमग्याआधीच्या पारधीच्या दिवशी सारा गाव सातेरीच्या देवळापुढे जमला. तीस माणसे, चार बंदुका, अकरा कुत्रे. बाराव्याने पाऊल टाकले तसे अकरांनी शेपट्या आत घेतल्या. साखळी काकीच्या हातात होती. दाजीने मिशीवरून हात फिरवला आणि कुत्र्याकडे बघितले; मग त्याला युक्ती सुचली.

"घाड्यानु, थांबा. ह्या देवीचा गाऱ्हाणा. हयसर घर बोलतत ता मूळ बघून बोलतत. आमची कुतरी ह्याच मातीत जल्माक इली. ह्येचा मूळ कोणाक ठावक आसा? बिनमुळाच्या कुत्र्याक देवीपुढे उभो करूचो काय?"

तीस माणसे गंभीर झाली. मूळ ठाऊक नसणे ही काजरखोलात साधी गोष्ट नव्हती. गंगाराम घाडीने काकीकडे बघितले.

"मूळ आणलंय मी," काकी म्हणाली. "इनासा, वाच."

इनास देवळाच्या पायरीखाली उभा होता. त्याने कागद उलगडला आणि एकेक नाव ठणठणीत आवाजात वाचले. बापूस काइजर. आवस दियाना. काइजराचो बापूस हेक्टर, आवस फ्लोरा. हेक्टराचो बापूस जर्मनीतसून जहाजान लिस्बनाक आणलेलो. दियानाच्या बाजूचे तितकेच. प्रत्येक नावाला जन्माचे साल, रंग, मालकाचे नाव. चार पिढ्यांची तीस नावे संपेपर्यंत लोक मोजणे विसरले.

"झाला?" काकीने विचारले. "आता दाजी, तू सांग. तुझ्या बापाशीचो बापूस?"

"विठू."

"त्येचो बापूस?"

"रावजी."

"बरा. आता आवशीकडचे. तुझ्या आवशीच्या आवशीचा नाव?"

दाजीने चुलत्याकडे बघितले. चुलता देवळाची कौले मोजू लागला.

"आवशीच्या आवशीचा तरी येवक व्हया रे," काकी शांतपणे म्हणाली. "पणजी कोण होती ता मी इचारूकच नाय."

घाडीने हसू मिशीत लपवले आणि हात जोडून देवीकडे वळला. "बा देवी सातेरी माये, आज तुझी लेकरा रानात निघाली आसत. सावंतांच्या घरची, राण्यांच्या घरची, गावड्यांच्या घरची..." तो क्षणभर थांबला. "आणि परबांच्या घरचो नेरो, जर्मन मुळाचो, काइजराचो झील, तुझ्या पायाशी इलो आसा. त्येका सांभाळ."

"व्हय म्हाराजा," तीस माणसे म्हणाली. काकीने डोळे मिटले. परबांचे नाव गाऱ्हाण्यात आले होते. पण ते कुत्र्याच्या गळ्यात बांधून आले होते, आणि कुत्रा मेला की पुन्हा जाणार होते. देवळाबाहेर पदर सावरून उभ्या असलेल्या शेवंतीकडे आणि हौसाबाईकडे तिचे लक्ष गेले. दोघींचे नवरे पाच-सहा वर्षांपूर्वी वारले होते आणि दोघींची नावे अशीच खाकरण्यात गेली होती. त्या वेळी घाडी खाकरला ते काकीला ऐकूसुद्धा आले नव्हते.

निघताना अडचण झाली. नेरो काकीला सोडून एक पाऊल हलेना. दोघांनी ओढले, तिघांनी ढकलले. तो काकीवर टेकून उभा. शेवटी काकीने काष्टा आवळला आणि पारधीबरोबर सड्याची चढण चढू लागली. बायलमाणूस पारधीत धरीत नाय म्हणणारा दाजी पुढे चालला होता. त्याने मागे वळून पाहिले नाही.

डुक्कर दुपारी उठले. हाकाऱ्यांनी व्हाळाच्या, ओढ्याच्या, बाजूने रान उठवले, अकरा कुत्रे भुंकत धावले, वरच्या टोकाला एकदम बार झाला आणि डुक्कर पडले. पहिल्या बाराबरोबर नेरोने काकीच्या हातातली साखळी हिसकली आणि विरुद्ध दिशेने पळून गेला. माणसे हसली. काकीने पदराने घाम पुसला आणि विहिरीपाशी जाऊन इतरांबरोबर बसली.

वाटे कापायचीही एक रीत होती. पुढारी एकटाच डुक्कर कापी. ऐनाच्या झाडापाशी डहाळ्यांचा आडोसा उभा करीत आणि बाकीचे दूर विहिरीपाशी बसत, म्हणजे कोणाची वखवखलेली नजर मांसावर पडू नये. त्यामुळे वाटे समान निघतात अशी सगळ्यांची समजूत होती. गेली काही वर्षे वाटे बारीक होत चालले होते, तेव्हा लोक म्हणत, डुकरेच आता पूर्वीसारखी राहिली नाहीत.

अर्धा तास झाला. मग आडोशामागून दाजीचा आवाज आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"काकी... वायंच हयसर ये."

काकी उठली. पाठोपाठ तीस माणसे उठली. आडोशामागे ऐनाला पाठ लावून दाजी राणे उभा होता. नेरो मागच्या पायांवर उभा होता आणि त्याचे पुढचे दोन्ही पंजे दाजीच्या खांद्यांवर होते. चावत नव्हता, गुरगुरत नव्हता. नुसता टेकला होता. तोंड दाजीच्या तोंडापाशी आणि लाळ मिशांवर. दाजीचा एक हात डोक्यावर उंच होता आणि त्या हातात डुकराची एक पुरी मांडी होती. शेजारच्या करवंदीच्या जाळीत, मांडी लपवायला केलेला पाल्याचा खोपा उघडा पडला होता.

"काकी, आवर ह्येका."

"दाजी, हातात काय ता?"

"पयलो आवर, मगे सांगतंय."

"कसो आवरू? त्येका मराठी समजना नाय. पोर्तुगीज भास त्येची."

"मगे पोर्तुगीजीत सांग."

"माका खंय येता? इनासाक येता. इनास देवळाकडसून पाव घेवन मालवणाक गेलो."

"केवा येतलो?"

"तिनसांजेक."

गंगाराम घाडी एका धोंड्यावर बसला आणि त्याने पानाची पिशवी सोडली. "बसा रे सगळे. तिनसांजेक अजून वेळ आसा." माणसे बसली. "इनासान वाचल्यान ता खरा म्हणाचा," घाडी चुना लावत म्हणाला. "ही जात मारीत नाय. धनी येयसर धरून ठेयता."

"आता सांग," काकी म्हणाली. "मांडी कोणाची?"

"डुकराची."

"ता दिसता. वाटो कोणाचो?"

"कोणाचो तरी." दाजीचा हात खाली आला की नेरोचे तोंड वर जाई, म्हणून हात पुन्हा वर जाई.

"किती वर्सा हो कोणाचो तरी वाटो करवंदीत जाता?"

तीस माणसांनी आपापल्या मनाशी हिशेब केला, आणि डुकरे पूर्वीसारखीच आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. एकदोघे उठू लागले, तसा काकीने हात केला.

"बसा. कोणी हात लावूचो नाय. कुत्र्यान धरल्यान, तो आता माझो." ती दाजीजवळ गेली. "देवीचा नाव घेवन बोल. ज्या घरात चूल पेटता आणि ज्या घराचा भात डुकर खाता, त्या घराचा नाव गाऱ्हाण्यात. पुरुष आसो नसो, बंदूक आसो नसो, कुतरो आसो नसो."

"परबांचा नाव घेतला न्हय आज? आता आणि काय?"

"परबांचा न्हय नुसता. शेवंतीचा. हौसाबाईचा. पुढे जी कोण रवात, तिचा."

"रीत मोडता, काकी."

"मांडी करवंदीत जाता ती खंयची रीत?"

नेरोने एक मोठा सुस्कारा सोडला आणि आणखी थोडा टेकला. ऐनाच्या सालीचे दोन तुकडे पडले.

"सातेरीची आण," दाजी म्हणाला. "गाऱ्हाण्यात सगळी घरां."

"घाड्यानु, आयकलास?"

"आयकलंय. तीस जणांनी आयकला."

काकीने पदर नीट केला आणि घरातल्या माणसाला जेवायला हाक मारावी इतक्याच आवाजात म्हणाली, "लार्ग."

नेरो लगेच खाली उतरला. उतरताना मांडी तेवढी अलगद दातांत घेतली आणि सावलीत जाऊन बसला.

दाजी मिशा पुसत होता. "काकी, तुका पोर्तुगीज येता?"

"आताच आठावली," काकी म्हणाली.

पुढच्या मार्गशीर्षात पारध पुन्हा निघाली. काकीने नेरोला धाडले नाही. कामाशिवाय जनावराला दमवणे तिला पसंत नव्हते, आणि गुपित राखायची गरज उरली नसल्याने शेवंतीचा कोंबडाही आता मोकळा सुटला होता. सकाळी ती देवळात गेली, सगळी नावे कान देऊन ऐकली, एकाही नावाच्या जागी घाडी खाकरला नाही हे पाहिले आणि घरी येऊन भात वारवायला उभी राहिली.

दुपारी दाजी राणे एकटाच पाणंदीने आला. गडी नव्हता. टोपली त्याच्याच डोक्यावर होती. तो बेड्यापाशी थांबला, आत आला आणि तीन वाटे खळ्यात ठेवले.

"तुझो, शेवंतीचो, हौसाबाईचो. मोजून घे."

काकीने सूप खाली ठेवले. तिन्ही पाने एकेक करून उचलली, हातात तोलली. सारखी होती. मग तिने टोपलीकडे बघितले. तळाशी एक पान राहिले होते.

"ता कोणाचा?"

"माझा."

"दाखय."

दाजीने दाखवले. काकीने ते एका हातात घेतले, आपले दुसऱ्या हातात घेतले, तसा दाजीच्या पानाचा हात जरा खाली गेला. मग आपले पान त्याच्या टोपलीत ठेवले आणि त्याचे पान पडवीच्या बाकावर.

दाजीने टोपली डोक्यावर घेतली आणि घराकडे चालू लागला.